दुसऱ्या गिअरमधला हत्ती

ताईच्या काही सवयी.

खुर्चीत बसली की तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. कुणी जिना धडधडत उतरत असेल, दूध उतू जायला आलं असेल, सिनेमातला नायक नायिकेच्या फार जवळ सरकत असेल, तिचा पाय जमिनीत रुतायला बघतो.

खोलीतून बाहेर पडताना आधी एका बाजूला बघते, मग दुसऱ्या. स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जातानासुद्धा.

कुणी बोलता बोलता भरकटलं की दोन बोटं मिटते-उघडते. टिक, टिक. वळायचं असेल तर आधी सांगा, असा त्याचा अर्थ.

रागावली की आवाज खाली येतो. फार रागावली तर समोरच्याला, मग तो कितीही लहान असो, अहो-जाहो करते.

मुलाला उचलण्याआधी त्याला सांगते, "उचलते हं." मग थोडी थांबते. त्याचं काही म्हणणं असेल तर ऐकून घ्यावं म्हणून.

हसू आलं की दाबत नाही. कुठेही. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतही.

ही माझी सख्खी ताई नव्हे. ती गाडी चालवायला शिकवते आणि मी तिच्याकडे शिकते. शिकते म्हणजे, शिकतेच आहे. माझ्यामागून आलेले लोक परवाना घेऊन गेले. त्यातल्या एकाने तर गाडी घेतली, ठोकली आणि विकलीसुद्धा. मी अजून लाल एलच्या पाटीमागेच आहे.

माझी अडचण तिसऱ्या गिअरची. पहिला पडतो. दुसरा पडतो. दुसऱ्यात गाडी शहाण्यासारखी चालायला लागली की मला वाटतं, आता आणखी काय हवं? तिसरा टाकायचा तर मध्ये क्षणभर गाडी कुठल्याच गिअरमध्ये नसते. तो क्षण मला झेपत नाही. एकदा ताईने विचारलं, एवढी जाडजाड पुस्तकं वाचून पदवी घेतलीस, त्यात कुणीच तिसऱ्यापर्यंत पोचलं नाही का? मी सांगितलं, बहुतेक सगळे दुसऱ्यातच वारतात. ती इतकी हसली की तिच्या बाजूचा ब्रेक दाबला गेला आणि आम्ही भर रस्त्यात उभ्या राहिलो. आमची मैत्री तिथून धरायची.

मी शिकायला लागले तेव्हा ती बाळंतपणाच्या सुट्टीवरून नुकतीच परत आली होती. बाळाचं तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. आम्ही चौकात लाल दिव्याला थांबलो होतो. जन्मताना त्याला बराच वेळ प्राणवायू मिळाला नाही आणि मेंदूला इजा झाली, असं ती म्हणाली. सरळ समोर बघत. दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. मला क्लच सापडेना.

"सोड हळूहळू," ती म्हणाली. "इजा त्याला झालीये, तुला नाही."

आणि स्वतःच हसत सुटली. मी तिच्याकडे बघतच राहिले. हॉर्न वाजत राहिले.

मोठ्या डॉक्टरांनी ताईला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून मेंदूचं चित्र दाखवलं होतं. डाग कुठे आहेत ते पेनाच्या टोकाने दाखवलं. चालेल का, बोलेल का, हे आत्ता सांगता येणार नाही म्हणाले. खोटा धीर दिला नाही, म्हणून ताईला ते आवडतात. तिने त्यांना एवढंच विचारलं, की हसेल का. ते थोडा विचार करून म्हणाले, तुमच्या घरात राहायचं असेल तर हसावं लागेल असं दिसतंय.

बाळ अंगावर पीत नव्हतं आणि बाटलीनेही पीत नव्हतं. त्याच्या नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी होती, गालावर चिकटपट्टीने डकवलेली. दूध त्या नळीतून. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी सासूबाईंनी नळी बघितली आणि पदर डोळ्यांना लावला. ताई म्हणाली, आई, ती सोंड आहे, आपल्याला हत्ती झालाय. सासूबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. तेव्हापासून तो हत्ती. उशीपेक्षा हलका हत्ती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात. आमचा सगळा हत्ती दवाखान्यातून सुखरूप बाहेर पडला, सोंड तेवढी अडकली.

ताईच्या नवऱ्याला मी दाजी म्हणते. दाजी दातांच्या कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल आहे. मेण, गुलाबी हिरड्या, रंगाप्रमाणे लावलेले दातांचे डबे, आणि कवळीला झिलई करायचं एक छोटं यंत्र. बापाकडे बत्तिशांचा ढीग आणि लेकाच्या तोंडात एक दात नाही, हा सासूबाईंचा ठरलेला विनोद. तो ऐकून दाजी दर वेळी नव्याने हसायचे. मग ते थांबलं.

त्याचं असं झालं. हत्ती एकदा हसला. तोंडाचा एक कोपरा वर गेला, पुन्हा गेला, पुन्हा गेला. दाजी घरातल्या सपाता घालूनच रस्त्यावर पळाले. इस्त्रीवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, ते हसू नव्हतं. फीट होती. औषधाने ती आटोक्यात आली. पण दाजी तेव्हापासून कुणाला काही सांगत नाहीत. हत्तीचं सगळं करतात. नळी धुतात, अंग चोळतात, मांडीवर घेऊन दात घासतात, म्हणजे कवळीचे. पण पुढचं बोलणं निघालं, की हा असा होईल, तसा होईल, की उठतात आणि मेण गरम करायला जातात.

दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. लोकांच्या गळी उतरवणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी तपासून सांगितलं होतं की हत्तीला गिळता येतं, दूध चुकीच्या वाटेने जात नाही. अडचण त्याच्या आधीची होती. बाटली तोंडाशी नेली की तो ताठ व्हायचा. पाठीची कमान, मुठी घट्ट, आणि मग रडणं. ओढून प्यायचं असतं हे त्याच्या मेंदूला आठवतच नव्हतं. तो शांत असेल तेव्हा दोन थेंब द्या, पहिला ठसका लागला की थांबा, बाकी नळी आहेच, असं बाईंनी सांगितलं होतं.

मग मोठे डॉक्टर म्हणाले, नाकातली नळी अशी किती दिवस ठेवायची? पुढच्या तपासणीपर्यंत हा तोंडाने नीट प्यायला लागला नाही तर छोटं ऑपरेशन करू आणि पोटातच नळी बसवू. त्यात हरण्यासारखं काही नाही, उलट त्याला आराम पडेल. बाईंनीही तेच सांगितलं. दाजींनी लगेच मान हलवली.

ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती माझ्या शेजारी बसून नखाने सीटबेल्ट खरवडत होती. डॉक्टरांचं पटलं, म्हणाली. करावं लागलं तर करू. पण परीक्षेला न बसवताच नापास का करायचं? आधी त्याला एक नीट संधी मिळाली पाहिजे.

"कळलंय मला सगळं," ती म्हणाली. "गळी उतरत नाहीये. आमच्या घराण्यातच आहे ते."

आता मुख्य गोष्ट.

एके दिवशी सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या आणि दाजी कवळी पोचवायला. म्हणून हत्ती आमच्याबरोबर आला. मागच्या सीटवर, त्याच्या पट्ट्यांच्या खुर्चीत. शिकाऊ लोकांसाठी शहराबाहेर एक मैदान आहे, बंद कारखान्याच्या मागे. तिथे पोचेपर्यंत त्याची दुधाची वेळ झाली. ताई मागे गेली, त्याला मांडीवर घेतलं, बाटली काढली. त्याने कमान केली आणि भोकाड पसरलं. ती गुणगुणली, थोपटलं, चुचकारलं. तो आणखी ताठ. नाकी नऊ आणणं म्हणजे काय ते नाकात नळी असलेल्या पोराकडून बघावं.

ताई म्हणाली, तू उगाच ताटकळू नकोस, मैदान मोकळं आहे, हळूहळू चक्कर मार. माझ्या शेजारी ब्रेकवर कुणी नाही अशी ती पहिलीच वेळ. मी पहिला टाकला. दुसरा टाकला. आणि अर्थातच तिथेच राहिले.

त्या गाडीचा दुसरा गिअर आवाज करायचा. आत काहीतरी झिजलं होतं. जेवण झाल्यावर आजोबा खुर्चीत रेलून जसा आवाज काढतात, तसा. लांबलचक घूं. कानांपेक्षा पायांच्या तळव्यांना जास्त ऐकू यायचा.

अर्धं मैदान झालं आणि मागचं रडणं थांबलं. मी आरशात बघितलं. गाडी चालवताना आरशात बघणं मला जमत नाही, पण बघितलं. हत्तीची पाठ सैल झाली होती. मुठी उघडल्या होत्या. बाटलीचं निपल त्याच्या ओठांत होतं आणि त्याचा इवलासा गळा हलला. मग पुन्हा हलला. ताई श्वास घ्यायची विसरली होती.

"थांबू नकोस," ती अगदी हळू म्हणाली.

मी विचारलं, गिअर बदलू का.

"तिसरा टाकलात तर बघा तुम्ही."

अहो-जाहो ऐकून माझे हात स्टिअरिंगला चिकटले. मी गोल गोल फिरत राहिले. एक कुत्रं आमच्या मागे लागलं, दमलं, बसलं आणि आम्ही पुढच्या चकरेला आलो की नुसतं मान फिरवून बघू लागलं. हत्ती दूध पीत होता. थोडंसंच. दोन घोट, विश्रांती, एक घोट. पण तोंडाने. स्वतः ओढून. ताई हसत होती आणि हसण्याने बाटली हलू नये म्हणून एका हाताने दुसरा हात धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने गिळण्याच्या बाईंना हे सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. म्हणून त्या आल्या. पुढे, माझ्या शेजारी बसल्या. मी दुसरा टाकला, घूं सुरू झालं, हत्ती प्यायला लागला. तेवढ्यात समोर एक खड्डा आला. बाईंनी घाबरून पाय ताणले आणि शिकवणारीचा ब्रेक दाबला गेला. गाडी जागच्या जागी थांबली. घूं थांबलं. हत्तीने त्याच क्षणी कमान करून बोंब ठोकली. मी पुन्हा गाडी सुरू केली, दुसरा टाकला, तो गप्प. बाई म्हणाल्या, पुरे, माझं निरीक्षण झालं.

एकसारखा आवाज आणि अंगाला जाणवणारी थरथर यांनी त्याचा ताठरपणा सुटत असेल, असं त्यांचं मत पडलं. नक्की सांगता येत नाही, पण काम होतंय ना, मग करा. फक्त मैदानात, चालण्याच्या वेगाने, आणि ठसका लागला की बंद. शिवाय त्यांनी आठवण करून दिली की तपासणी दवाखान्याच्या खोलीत होते, गाडी तिथे येणार नाही. ताईने विचारलं, दार केवढं रुंद आहे.

मग आमचा रोजचा क्रम सुरू झाला. इतर शिकाऊंचा काही उपयोग नव्हता. त्यांना तिसरा येत होता. दुसऱ्यात थोडा वेळ गेला की त्यांचे हात शिवशिवायचे. इतक्या निष्ठेने दुसऱ्यात राहणारं माणूस ताईला माझ्याशिवाय मिळालं नाही. घरी आई विचारायची, आज काय शिकलीस. मी म्हणायचे, कालचंच.

घोट वाढत होते. थेंब होते ते घोट झाले, घोटांचा चमचा झाला, चमच्यांची वाटी व्हायला लागली. दाजींना मात्र सांगायचं नाही असं ताईने ठरवलं. आधी पक्कं होऊ दे. नाहीतर तो पुन्हा सपाता घालून पळेल, म्हणाली, आणि पुन्हा परत यावं लागेल. पळताना बघवतं, परत येताना नाही.

तिने गुपित ठेवलं. तिला हे ठाऊक नव्हतं की दाजींचंही एक गुपित चाललंय.

गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे पुढचे दात पडले होते. दाजींनी त्याला कवळी करून दिली. झकास बसली. मिस्त्री आरशासमोरून हलेना. दाजी म्हणाले, मला दुसरं काही नको, बायकोच्या गाडीचा गिअरबॉक्स तेवढा ठीक करून दे, बिचारी किती दिवस त्या आवाजात बसते. मिस्त्रीने तेल बदलायचं निमित्त करून गाडी नेली. तपासणी तोंडावर आली होती.

गाडी परत आली तेव्हा मी तिथेच होते. ताई बसली, मी शेजारी. तिने पहिला टाकला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ म्हणून दुसरा टाकला. काही नाही. गाडी लोण्यासारखी सरकत होती. ताईने क्लच दाबून पुन्हा दुसरा टाकला. काही नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं.

दारात दाजी उभे होते. हात मागे, मान थोडी वर. इतके दिवस त्या माणसाचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"आवाज ऐकलास?" दाजी म्हणाले.

"कुठला?"

"तोच. नाहीच आता."

ताई गाडीतून उतरली. पायरीवर बसली. आधी तिचे खांदे हलले, मग सगळीच हलली. दाजीही हसायला लागले, आपण एवढं छान काम केलं म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की हे हसणं जरा निराळं आहे. ते थांबले. ताईने डोळे पुसत पुसत त्यांना सगळं सांगितलं. मैदान, चकरा, घोट, कुत्रं.

दाजींचे मागे बांधलेले हात सुटून खाली आले.

"पितो?" त्यांनी विचारलं.

"पीत होता. तू गिअरबॉक्स बदललास."

दाजी तडक मिस्त्रीकडे गेले. मीही गेले, कारण ताईला हसण्यातून उठता येत नव्हतं. जुने भाग परत बसवून दे, असं त्यांनी सांगितलं. मिस्त्रीला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. मग तो इतका हसला की त्याला नवी कवळी हाताने धरावी लागली. बिघाड काढून द्या म्हणून लोक येतात, बिघाड बसवून द्या म्हणून आजवर कुणी आलं नव्हतं. जुने भाग भंगारात गेले होते आणि भंगारवाला ते घेऊन केव्हाच पुढे गेला होता.

त्यानंतरचे दिवस त्या घराने आवाज करण्यात घालवले. सासूबाईंनी मिक्सर रिकामा फिरवला. हत्ती दचकून निळाजांभळा झाला. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी त्याला नेलं तर तो गाढ झोपला. दाजींचं झिलईचं यंत्र फार तीक्ष्ण निघालं. मी फोनवर दुसऱ्या गाड्यांचे आवाज ऐकवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि कमान केली. शेजारच्या बाई भिंत वाजवून विचारू लागल्या, तुमच्याकडे काही बांधकाम चालू आहे का. सासूबाई म्हणाल्या, हो, हत्तीचं.

शेवटी दाजी म्हणाले, मला एकदा ते मैदान दाखवा. आम्ही गेलो. दाजी माझ्या शेजारी, ताई आणि हत्ती मागे. मी दुसरा टाकला. नवा गिअरबॉक्स मूग गिळून चालत राहिला. मागे रडणं सुरू झालं. दाजी सरळ समोर बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मग आवाज आला. घूं.

मी खरोखर गिअरच्या दांड्याकडे बघितलं. आवाज दाजींचा होता. तोंड बंद, हनुवटी छातीला टेकलेली. आणि तो हुबेहूब तोच होता, शेवटची किंचित घरघर धरून. त्याचं कारण मला नंतर कळलं. ताई रोज संध्याकाळी गल्लीत वळताना गाडी दुसऱ्यात आणायची. तो आवाज ऐकू आला की दाजी चहा ठेवायचे. लग्न झाल्यापासून. त्या आवाजाची सगळ्यात जास्त तालीम जगात त्यांचीच झाली होती.

रडणं थोडं उतरलं. पुरतं नाही. ताई म्हणाली, गाडी थांबव. तिने हत्तीला दाजींच्या छातीवर दिलं, पाठ छातीला टेकवून. आता काढ, म्हणाली, आणि जरा खालच्या पट्टीत. दाजींनी पट्टी उतरवली. हत्तीची पाठ त्यांच्या छातीबरोबर थरथरायला लागली. मुठी उघडल्या. ताईने बाटली पुढे केली.

एकच अडचण होती. दाजींना श्वास घ्यावा लागायचा. ते थांबले की हत्ती थांबायचा आणि वर बघायचा. म्हणून घरात पाळ्या लागल्या. दाजी श्वास घ्यायला लागले की सासूबाई घूं करायच्या, त्या दमल्या की मी. ताईला जमायचं नाही. तिला हसू यायचं.

तपासणीच्या दिवशी खोलीत आम्ही सगळे होतो. सासूबाई सोडून. त्यांचा घसा बसला होता. मोठे डॉक्टर दाराशी उभे. गिळण्याच्या बाईंच्या हातात बाटली. दाजी खुर्चीत, हत्ती छातीशी. ताई त्यांच्या शेजारी, पाय जमिनीत रुतलेला. डॉक्टर म्हणाले, करा सुरू.

दाजी गप्प. त्यांना डॉक्टरांसमोर लाज वाटत होती. हत्ती ताठ व्हायला लागला. ताईने कोपराने त्यांना ढोसलं.

"गाडी काढ," ती म्हणाली.

घूं. डॉक्टरांनी आधी छताकडे बघितलं, पंख्यात काही झालं का म्हणून. मग दाजींकडे. दाजींनी डोळे मिटून घेतले होते. हत्तीने ओठ लावले आणि ओढायला सुरुवात केली. दाजींचा श्वास संपला, मी सुरू केलं. माझा संपला तेव्हा दाजींचा अजून भरला नव्हता. तर बाईंनी बाटली जराही न हलवता घूं केलं. डॉक्टरांनी विचारलं, हे काय चाललंय. बाईंना तोंड उघडता येत नव्हतं. ताई म्हणाली, दुसरा गिअर, सर.

अर्धी बाटली झाली. दाजींना जोर चढला आणि त्यांचा आवाज वर सरकला. घूंचं घीं झालं. आम्ही तिघी घाबरलो. हत्ती पीत राहिला, उलट जरा भराभर. ताईचा धीर सुटला आणि ती फुटली. तिच्याबरोबर मी. माझ्याबरोबर बाई. दाजींनी आम्हाला बघितलं आणि त्यांचाही आवाज हसण्यात मोडला. खोलीत कुणीच घूं करेना. सगळे तोंड दाबून हलत होते.

मग एकेक करून आम्ही गप्प झालो, कारण डॉक्टर बोट दाखवत होते.

हत्ती पीत होता. एक घोट. थांबला. वर बघितलं, कुणी काही बोलतंय का म्हणून. पुन्हा एक घोट.

बाटली संपली नाही. तळाशी थोडं उरलं, मग त्याला झोप लागली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, वजन बघितलं, बाईंशी बोलले. मग ताई आणि दाजींसमोर येऊन बसले. मेंदूचं चित्र तेच आहे, म्हणाले. पुढे बऱ्याच गोष्टी अवघड असणार आहेत. ताई हो म्हणाली. पण ऑपरेशन सध्या नको, म्हणाले. आज नाकातली नळी काढू, त्याला दोन दिवस इथे ठेवू, तोंडाने वजन टिकवतो का बघू. नाही टिकलं तर पुन्हा घालू आणि पुन्हा बोलू.

दाजी उठले. मला वाटलं, मेण गरम करायला निघाले. ते दारापर्यंत गेले, परत आले आणि डॉक्टरांना म्हणाले, मी खाली जाऊन एकदोघांना सांगून आलो तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, खाली तुमचं कोण आहे? दाजी म्हणाले, कुणी नाही. आणि गेले. दवाखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी त्यांच्याशी हस्तांदोलन करताना मी खिडकीतून बघितला.

खाट मिळायला वेळ होता. दाजी परत येऊन हत्तीला घेऊन बसले. ताईला बसवेना. तिचा पाय सारखा दाबला जात होता. ती म्हणाली, चल, तोवर तुला रिव्हर्स शिकवते, इथे जागा मोकळी आहे.

आम्ही खाली गेलो. दोन गाड्यांच्या मधे गाडी उलटी घालायची होती. तिने सांगितलं तसं मी केलं. पुढे नेली, थांबवली, रिव्हर्स टाकला. मागे बघ, म्हणाली. आता हळूहळू. आता चाक पूर्ण वळव. आणखी. पूर्ण. मी वळवलं. गाडी तिरकी होत आत शिरायला लागली. मी हे करत होते यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दाजी होते. गाडीत मलाही ऐकू आलं.

"नळी काढतायत. ये."

ताईने ब्रेक दाबला, दार उघडलं आणि आधी या बाजूला, मग त्या बाजूला बघून धावत सुटली. अर्ध्या वाटेवरून ओरडली, हँडब्रेक ओढ. मी ओढला.

गाडी निम्मी आत, निम्मी रस्त्यावर. रुग्णवाहिका नव्हे, नशीब, पण एक टेम्पो समोर येऊन थांबला. टेम्पोवाल्याने हाताने खूण केली, आत घ्या की. मी स्टिअरिंग धरून बसले होते. ते शेवटपर्यंत वळवलेलं होतं. सरळ कधी करायचं, ते ताईने अजून सांगितलं नव्हतं.